गॅरेटची दुसरी काठी

मित्रांनो, मी लॅक्रॉसची, म्हणजे काठीच्या जाळीने चेंडू झेलण्या-फेकण्याच्या खेळाची, एक जुनी काठी आहे. जुनी म्हणजे खेळून झिजलेली नव्हे, नुसती पडून राहिलेली. माझी चीड इथूनच सुरू होते.

गॅरेट कॉलेजात आला तेव्हा त्याने आम्हां दोघींना एकाच दुकानातून आणले आणि वसतिगृहात बसून एकाच दुपारी आमच्या टोकांना जाळ्या विणल्या. मग आधी विणलेली थोरली मैदानावर गेली आणि मी बॅगेत. ती मोडलीच तर हाताशी दुसरी असावी, एवढ्यापुरती मी. चेंडू झेलून झेलून थोरलीच्या जाळीला छान झोळी आली. माझी जाळी कोरीच राहिली, पत्र्यासारखी ताठ.

गोलरक्षक मायलो गॅरेटला चिडवायचा, "अरे, त्या दुसरीला जरा हवा दाखव! लोणचं घालणार आहेस का तिचं?"

"राहू दे रे. मला हिचीच सवय झालीये," म्हणत गॅरेट थोरलीला खांद्यावर टाकायचा.

चौथ्या वर्षी, मे महिन्याच्या अखेरीस, आमचे कॉलेज पहिल्यांदाच अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात पोचले. गॅरेटचे शिक्षण संपत आले होते. त्याची ही पहिली आणि शेवटची संधी. चेंडू आणखी पक्का बसावा म्हणून त्या सकाळी त्याने थोरलीच्या जाळीची दोरी सैल केली. अति तिथे माती, हे त्याला कोण सांगणार? मी आपली बॅगेत जळफळत बसले.

सामना बरोबरीत असताना थोरलीने गोल केला. बाकावरची पोरे नाचू लागली. पण पंचांनी काठी मागितली, जाळीत चेंडू ठेवला आणि ती उलटी केली. नियमाप्रमाणे चेंडू खाली पडायला हवा होता. तो हललाच नाही. गोल रद्द झाला, थोरली बाद झाली आणि गॅरेटला शिक्षा म्हणून बाहेर बसावे लागले.

"दुसरी काठी आहे ना?" कोच ओरडले. "की ती घरी झोपलीये?"

शिक्षा संपताच, शेवटच्या मिनिटाला गॅरेट मला घेऊन धावला. समोर मोकळा गोल होता! थोरलीने मारायचा त्याच झोकात त्याने चेंडू मारला. मी जीव तोडून धरला, पण माझ्या ताठ जाळीतून तो आधीच सुटला आणि गोलावरून उंच गेला. लगेच समोरच्यांनी गोल केला आणि सामना संपला.

"ही काठीच पनवती आहे!" गॅरेटने मला गवतावर आपटले.

"पनवती कसली? चार वर्षांत एकदा तरी खेळवलीस का तिला?" मायलो म्हणाला. त्याचे डोळे भरले होते.

आज थोरली गॅरेटच्या दिवाणखान्यात भिंतीवर मिरवते. झोळी तिची फसवी, आणि बोल मला! मी गॅरेजात असते. पानगळ झाली की गॅरेट शिडीवर चढून माझ्या जाळीने छपराच्या पन्हळीतली कुजकी पाने उपसतो. संताप होतो अगदी. पण मित्रांनो, ओली पाने उपसून उपसून माझ्या जाळीला आता हवी तशी झोळी आली आहे. आज चेंडू दिलात तर नेमका गोलात जाईल.

तुमच्याही बॅगेत अशी एखादी दुसरी असेल. उद्याच्या सरावाला तिला बाहेर काढा.