भेटकलम

झाडांच्या रोगांचं शिक्षण पुरं करून भाची आत्याच्या रोपवाटिकेत आली, तेव्हा आत्याने तिच्या हातात काचघराची किल्ली दिली आणि नाव ठेवलं, डॉक्टरीणबाई.

काचघरात लाल पानांची चाळीस झुडपं. बुटकी, गुबगुबीत, फांदीला फांदी लागलेली. वीस वर्षं आत्या त्यांच्याच काड्या लावून कुंड्या विकत होती. भाचीने एका झुडपाचं पान तपासलं. मग उरलेली झुडपं तपासली. चाळीसच्या चाळीस आजारी. रसात जंतू, शिरांशिरांत जंतू.

"कर बाई औषध," आत्या म्हणाली.

भाचीने शेंड्याचे, जंतू अजून पोचला नव्हता असे टाचणीच्या टोकाएवढे तुकडे कापले, काचेच्या नळ्यांत वाढवले. जुनी झुडपं रीतसर जाळली. दीड वर्षाने नवी रोपं कुंडीत उभी राहिली. उभीच राहिली. सरळसोट, माणूसभर उंच, वर चार लाल पानं.

"या काय झेंड्याच्या काठ्या?"

"निरोगी आहेत, आत्या."

"दिसतंय. विकू काय मी?"

शेंडे खुडून पाहिले. एकीच्या दोन काठ्या झाल्या.

तेव्हा भाचीने पुस्तकं पुन्हा उघडली आणि मान खाली घालून आत्यापुढे बसली. म्हणाली, झाडाला मारणाऱ्या जंतूचं घरच जातं. हा जंतू पिढ्यान्‌पिढ्या झाडात राहून शहाणा झाला. मारत नाही, झाडाला वरची वाट विसरायला लावतो, मग ते चहूकडे फुटतं. तसं झाड माणसाला आवडतं, माणूस काड्या नेतो, काडीबरोबर जंतूही जातो. ना पाय, ना पंख. आत्याच्या हातावर बसून तो गावभर हिंडला.

"म्हणजे वीस वर्षं मी आजार विकला?"

"हो."

"बरा खपायचा गं." आत्याने रिकाम्या फळ्यांकडे पाहिलं. "आण परत."

विकलेली झुडपं लोकांच्या घरी केव्हाच पाण्यावाचून वाळली होती. जुन्यातलं एकच उरलं होतं, समोरच्या शिंपीकाकांच्या खिडकीत.

"काका, तुमच्या झाडाचा आजार हवाय."

काकांनी ओठांतल्या टाचण्या एकेक करून काढल्या. "माझं झाड ठणठणीत आहे."

"नाही हो. फार सुंदर आजारी आहे."

"तू म्हणे झाडं बरी करतेस."

"तेच चुकलं."

काकांनी कुंडी जवळ ओढली. "कापशील?"

"भेटकलम करायचं. दोघांना शेजारी ठेवायचं, खोडाची साल जराशी तासायची, जखमेला जखम लावून बांधायचं. रसाला रस मिळतो."

"तासायचं तू. बांधायला मी येणार. तुझ्या गाठी पाहिल्यात मी."

काका कुंडी कडेवर घेऊन आले. भाचीने तासलं, काकांनी पट्टी आवळली. एक सुरकुती नाही. मग रोज दुपारी दुकान ओढून घेऊन ते काचघरात बसायचे, पेशंटच्या नातेवाइकासारखे.

दोन महिन्यांनी काठीचा शेंडा खुडला. दहाव्या दिवशी आत्याने चष्मा लावला. पानापानाच्या बगलेत कोंब. एक, दोन, सात, नऊ.

"डॉक्टरीणबाई," तिने हाक मारली, "लागण झाली!"

भाची धावत आली, कोंबांवरून बोट फिरवत तिथेच खाली बसली. आत्याने तिच्या डोक्यावर मातीने भरलेलाच हात ठेवला. "आता ह्या काठीला बरं करू नकोस."

काकांनी पट्टी सोडली. आपलं झुडूप उचललं, उजेडात फिरवून पाहिलं, पुन्हा पाहिलं.

"तुमच्याकडून ह्याला काही लागलं नाही ना?"

"नाही, काका," भाची म्हणाली. "निरोगीपणा लागत नाही."

"मग ठीक," म्हणाले, आणि रस्ता ओलांडून गेले.