ऐंशी मीटर कमी

उमरेड रोडच्या मागची गल्ली चारशे मीटर लांब, तीन मीटर रुंद. तिच्यावर पाच सेंटीमीटर डांबर घालायचं होतं. किती टन माल मागवायचा, हे काढायचं काम माझं. भौतिकशास्त्रात एमएस्सी करून मी नुकतीच ठेकेदार धर्मेंद्रभाऊंकडे लागले होते.

गल्लीच्या टोकाला रामाजी आणि सत्यवतीबाई राहत. रामाजींना आठवड्यातून दोनदा डायलिसिस. खड्ड्यांमुळे ऑटो आत येत नसे, म्हणून शेजारी त्यांना खुर्चीसकट उचलून मोठ्या रस्त्यापर्यंत नेत. एक दिवस ते अडूनच बसले.

"चार जणाइच्या खांद्यावर शेवटी जायचंच हाये," मला म्हणाले. "आतापासून काहून सवय लावू? ऑटो दारात आला, का निंगतो."

"परवा येते ना वं डांबर दारापर्यंत?" सत्यवतीबाईंनी विचारलं.

"येईल, काकू. मी मोजलंय."

मोजलं होतंच. घनतेच्या छापील तक्त्यावर विसंबायचं कशाला, म्हणून डांबराच्या प्लांटवरचा गरम माल बादलीत भरून मी स्वतः वजन केलं होतं. घनमीटरला १.९२ टन. त्या आकड्याचा मला अभिमान वाटला होता. एकशे पंधरा टन मागवले.

पण बादलीतला माल भुसभुशीत असतो. रोलरखाली तो दबतो, घनमीटरला २.४ टन बसतो. माल तीनशेवीस मीटरवर संपला. पुढे नुसती गिट्टी. प्लांट दुसऱ्या कामाला लागला होता. आमची पाळी दहा दिवसांनी.

ऑटोवाला गिट्टीत चाक घालेना. रामाजी खुर्चीवर बसेनात. "आता दहाच दिवस ना," म्हणत राहिले. सहाव्या दिवशी ते गेले.

धर्मेंद्रभाऊंनी वस्तीत सांगितलं होतं, प्लांटची मशीन बिघडली. मला ते सहन होईना. उरलेला माल आला त्या सकाळी मी सत्यवतीबाईंकडे गेले आणि सगळं सांगितलं, आकड्यांसकट.

"म्हंजे मशीन नव्हती बिघडली?"

"नाही, काकू. माझंच चुकलं."

बाहेर रोलर सुरू झाला. भांडी थरथरली.

"काहून सांगतलं वं मले?" त्या म्हणाल्या. "मशीनले शिव्या देऊन दिवस काढून राहिली होती मी. तू तं माह्या पोरीएवढी. तुले कशा देऊ?"