साक्षीदाराचा रकाना

“ओतताना बघायचं, पोरी. बघितल्यावर सही. आधी नाही.”

नर्सिंग स्कूलच्या ट्यूटरबाईंचा तो आवाज चोवीस वर्षांपूर्वीचा. जाड भिंगांचा चष्मा, खडूने पांढरी झालेली बोटं आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी टेबलावर एक टिचकी. बाई जाऊनही किती वर्षं झाली. आवाज मात्र पेटीच्या तळाशी घडी करून ठेवलेल्या कापडासारखा राहून गेला होता, आणि आज सकाळी, ऐन कामाच्या घाईत, कुणीतरी झटकून उलगडावा तसा धाकट्या सिस्टरच्या कानात उलगडला.

पेन हातात होतं. समोर कुलपाच्या कपाटाचं रजिस्टर.

त्या कपाटात दुखणं मारणारी सगळ्यात कडक औषधं असत. कुलपं दोन, किल्ल्या दोन, दोन सिस्टरांकडे एकेक. पेशंटला अर्धीच कुपी लागली, तर उरलेलं बेसिनमध्ये ओतून टाकायचं. एकीने ओतायचं, दुसरीने उभं राहून बघायचं आणि मग दोघींनी सही करायची. एक सही देणाऱ्याच्या रकान्यात, दुसरी साक्षीदाराच्या.

पण वॉर्डात कॉट तीस आणि सिस्टर दोन. दर वेळी हातातलं काम टाकून बेसिनपाशी धावायचं कुणी? दोन वर्षांपूर्वी धाकटीनेच युक्ती काढली होती. सकाळी आल्या आल्या तिने साक्षीदाराच्या रकान्यात दिवसभराच्या चार सह्या करून टाकल्या आणि आपली किल्ली टेबलाच्या खणात ठेवली. “तू काय परकी आहेस का?”

थोरली तेव्हा हसली होती. “बघ हं. अशाच सह्या करत राहिलीस तर एक दिवस तुझं घर नावावर करून घेईन.”

“घे. वर सासूही देते.”

थोरली आणि धाकटी ही नावं पेशंटांनी पाडलेली. नात्याने दोघी एकमेकींच्या कुणीच नव्हत्या. पण बावीस वर्षं एका वॉर्डात काढली की चालसुद्धा सारखी होते. धाकटीचा मुलगा तापाने फणफणला होता तेव्हा सलग तीन ड्यूट्या एकटीने ओढल्या त्या थोरलीने. थरथरत्या हातात शीर कशी शोधावी, रडणाऱ्या बाईशी काय बोलावं आणि काय बोलू नये, हे पुस्तकातलं नव्हे, थोरलीचं शिकवणं.

धाकटीने पेनाचं टोपण लावलं. आज सह्या केल्या नाहीत. का, ते तिचं तिलाही नीट सांगता आलं नसतं. किल्ली मात्र खणातच राहिली. सवय अशी एका सकाळीत थोडीच सुटते?

नऊ नंबरच्या कॉटवर ड्रायव्हरकाका होते. अडतीस वर्षं बस चालवून निवृत्त झालेला माणूस. आता मांडीच्या हाडात दुखण्याने बिऱ्हाड केलेलं, ते बरं होणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलेलं, आणि काकांनी “शेवटचा स्टॉप आला म्हणायचा” एवढ्यावर ते मिटवलेलं. धाकटी त्यांची चादर बदलत होती.

“धाकट्या बाई, एक विचारू? रागवायचं नाही.”

“विचारा की.”

“आजची दहाची सुई तुम्ही द्याल का?”

“का हो? थोरल्या सिस्टरचा हात तर माझ्यापेक्षा हलका.”

“हलकाच आहे. टोचलेलं कळतसुद्धा नाही.” काकांनी मांडीवरून हात फिरवला. “टोचलेलं कळत नाही तसं दुखणं उतरलेलंही कळत नाही. आमच्या डेपोत डिझेल भरणारे दोघे होते. एकाने भरलं की गाडी मुक्कामाला पोचायची. दुसऱ्याने भरलं की काटा फुल दाखवायचा आणि गाडी चढावर बसायची.”

चादरीचं टोक धाकटीच्या हातातच राहिलं. “काका, हे कुणाला बोललात?”

“छे. कुणाला आणि कशाला? बाई फार मायेच्या. पाय चेपून देतात, गाणं म्हणतात. मी काय करतो, तुमची सुई मिळाली की झोपून घेतो. त्यांची मिळाली की दात आवळून रस्त्यावरच्या गाड्या मोजतो. काल एकशे चाळीस झाल्या.” ते हसायला गेले, पण हसू ओठांपर्यंत येऊन परत फिरलं.

खिडकीजवळच्या कॉटपाशी थोरली उभी होती. एका म्हातारीचे केस विंचरता विंचरता गुणगुणत होती. ते गाणं तिचं स्वतःचंच, वॉर्डातल्या प्रत्येकाला पाठ झालेलं:

*आलं दुखणं पाहुणं, दिली जागा बसायाला,*
*आता मीच उभी दारी, ‘येऊ का’ गं पुसायाला.*

धाकटीने ते हजारदा ऐकलं असेल. आज पहिल्यांदाच तिला वाटलं, ही पेशंटचं गात नाहीये.

मग एकेक गोष्ट माळेतला दोरा तुटावा तशी घरंगळत आली. दीड वर्षापूर्वी एक जाडजूड पेशंट कॉटवरून घसरला, त्याला एकटीने उचलताना थोरलीच्या पाठीत उसण भरली. डॉक्टरांनीच सुई लिहून दिली होती, चार दिवसांची. पाचव्या दिवशी थोरली म्हणाली, “काय गाढ झोप लागते गं त्याने. बऱ्याच वर्षांनी झोपले.” पुढे कधीतरी बेसिनपाशी उभी राहून म्हणाली, “उरलेलं शेवटी गटारातच जातं. पाठ इकडे ठणकते आणि औषध गटाराला.” त्यावर दोघी हसल्या होत्या. धाकटीही.

त्यानंतर ते उन्हाळाभर अंगात पूर्ण बाह्यांचा स्वेटर. “एसीची थंडी सोसत नाही.” वॉर्डात एसी नव्हताच, पंखे होते. सकाळी आली की जांभया, वाहणारं नाक, हातावर काटा. “सर्दी.” दहाच्या सुया झाल्या की तीच थोरली टवटवीत, सगळ्यांना चहा पाजणारी, थट्टा करणारी. सुट्टीच्या दिवशीही यायची. “घरी करमत नाही.” दुखण्याची सुई द्यायची वेळ झाली की, “तू बस, मी देते.” आणि डोळ्यांतल्या बाहुल्या, भर सावलीतसुद्धा टाचणीच्या टोकाएवढ्या.

अशा व्यसनाची लक्षणं पुस्तकात ओळीने दिलेली असतात. परीक्षेत तो प्रश्न आला होता आणि धाकटीला सोळापैकी पंधरा मिळाले होते. दारातून आत येणारा परका माणूस असता तर तिने चालीवरून ओळखला असता. पण थोरलीच्या प्रत्येक लक्षणाला थोरलीने एक कारण दिलं होतं, आणि धाकटीने ते पाहुण्याने दिलेल्या भेटीसारखं न उघडता ठेवून घेतलं होतं.

दहाच्या सुमाराला एका पेशंटला एक्स-रेहून आणायला धाकटीला खाली जावं लागलं. लिफ्ट बंद होती. परत आली तेव्हा थोरली बेसिनपाशी, पाठमोरी. नळ सुरू.

“नऊ नंबरची सुई झाली का?”

“झाली. उरलेलं ओतलंसुद्धा. तू आज सह्या करायला विसरलीस वाटतं.”

“विसरले नाही.” धाकटी जवळ गेली. “मला बघायचं होतं.”

थोरलीने नळ बंद केला. “काय बघायचं होतं?”

“ओतताना.”

बराच वेळ नळाच्या तोंडाशी एक थेंब लोंबत राहिला.

“बावीस वर्षांनी माझी तपासणी?” थोरलीचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. “तुझा मुलगा आजारी होता तेव्हा मी विचारलं होतं का, की खरंच ताप आहे ना म्हणून?”

“काकांचं दुखणं थांबत नाही गं, तुझ्या सुईने.”

थोरलीने हात पुसले. एकेक बोट वेगळं. मग तिने धाकटीकडे पाहिलं, आणि त्या टाचणीएवढ्या बाहुल्यांमागे कुठेतरी जुनी थोरली उभी असल्यासारखी वाटली.

“एक महिना दे मला. सोडते. याआधी तीनदा सोडलंय, मला जमतं.”

“तीनदा सोडलं म्हणजे तीनदा धरलंस.”

“माझी नोकरी जाईल. आणि तुझी? सह्या तुझ्या आहेत, राणी. चार रोजच्या. मी धमकी नाही देत, मोजून सांगतेय फक्त.”

तेवढ्यात तेरा नंबरने हाक मारली, धाकटी तिकडे गेली. जाताना स्वतःशीच म्हणाली, महिना काही फार नाही. माणूस स्वतःची समजूत घालायला बसला की त्याच्यासारखा गोड बोलणारा दुसरा कुणी नसतो.

अकरा वाजता चादरी हव्या होत्या. कपड्यांच्या खोलीचं दार आतून लोटलेलं. धाकटीने ढकललं. धुतलेल्या चादरींच्या गठ्ठ्याला पाठ लावून थोरली बसली होती, मान छातीवर, एक बाही कोपरापर्यंत वर. लहानपणी खेळून दमलेली पोर जेवणाच्या ताटावरच झोपते, तशी.

“अगं, ए.”

ओठ निळसर होते. धाकटीने तिच्या छातीवर हात ठेवला आणि मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं. हे कुणी शिकवावं लागत नाही, हात आपोआप करतो. एक. बराच वेळ. दोन. मिनिट भरलं तेव्हा आठच श्वास झाले होते.

तिने हाक मारली. ड्यूटीवरची डॉक्टर धावत आली, तरुण, पेशंटांनी अजून नाव न पाडलेली. मागोमाग मेट्रनबाई. डॉक्टरने पापणी वर केली. “काय झालं? शुगर? प्रेशर? काही घेतलंय का यांनी?”

‘प्रेशर’ हा शब्द तयार होता. साधा, स्वच्छ, दोघींनाही झाकून टाकेल एवढा मोठा. धाकटीने तो जिभेवरून परत गिळला आणि कपाटातल्या औषधाचं नाव सांगितलं.

डॉक्टरने उतारा दिला. दोन मिनिटांत थोरलीचा श्वास वर आला, ओठांचा रंग परतला, डोळे उघडले. अंग थरथरायला लागलं तशी धाकटीने एक चादर उलगडून तिच्या खांद्यावर टाकली आणि वर गेलेली बाही हळूच खाली ओढली.

मेट्रनबाईंनी रजिस्टर आणवलं होतं. पानं उलटता उलटता त्या एका ठिकाणी थांबल्या. “कालपर्यंत साक्षीदाराची सही आहे. आजचाच रकाना कोरा आहे. आज काय झालं?”

थोरलीने मान वर केली नाही. धाकटीला टेबलावरची टिचकी ऐकू आली, चोवीस वर्षांमागून.

“आजचा कोरा आहे, तोच खरा आहे बाई. मागच्या सगळ्या सह्या मी सकाळीच करून ठेवायचे. ओतताना मी कधी बघितलंच नाही. दोन वर्षांत एकदाही नाही.”

मेट्रनबाईंनी रजिस्टर मिटलं. बाहेर रस्त्यावरून गाड्या जात होत्या, एकामागून एक, आणि धाकटीच्या मनात आलं, नऊ नंबरवर कुणीतरी त्या मोजत असेल.

चादरीच्या आतून थोरलीचा आवाज आला. खोल, खरखरीत, पण ओळखीचा; तीन-तीन ड्यूट्या ओढणाऱ्या बाईचा.

“काकांना दहाला दिलं ते पाणी होतं. आधी त्यांना सुई द्या कुणीतरी. माझं मग बघा.”