दोन बोटांवरचं विमान

तनुजाने विमान जोडायला घेतलं तेव्हा ते उडेल असं घरात कुणालाच वाटलं नव्हतं, आणि इंद्रजीतला तर ते उडू नये असंच वाटत असावं. नवरा म्हणून तो वाईट नाही, असं लोक म्हणत. लोकांचं काय जातं म्हणायला.

ती शनिवार पेठेत वाढलेली, टोमणा मारल्याशिवाय पाणी न पिणारी. लग्न होऊन हिंजवडीला आली, सासऱ्यांच्या शेतावर उभ्या राहिलेल्या इमारतीत नवव्या मजल्यावर राहू लागली आणि चार वर्षांत तिची जीभ म्यान झाली. दिवसभर कंपनीत दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या, संध्याकाळी घरी येऊन स्वतःच्या ऐकायच्या. त्याला कंटाळून तिने एक दिवस रिमोटवर उडणाऱ्या विमानाचा खोका मागवला. नवशिक्यांसाठी असतो तसला, फोमचं धड आणि धडाच्या वर बसणारा लांबलचक पंख.

सहा आठवडे जेवणाच्या टेबलाचा अर्धा भाग तिचा झाला. पहिल्यांदा शेपूट वाकडं चिकटलं, ते तिने ब्लेडने कापून पुन्हा बसवलं. शेपटीचं पातं वळवणारी काडेपेटीएवढी एक मोटर उलटी फिरायची, त्यामुळे रिमोटवर डावीकडे दाबलं की विमान उजवीकडे वळायला बघायचं. ती चूक शोधण्यात दोन संध्याकाळी गेल्या. इंद्रजीत जाता-येता विचारायचा, "काय, पुष्पक विमान कुठवर आलं?"

समोरच्या खुर्चीत बसून मनापासून बघणारा एकच माणूस होता, तो म्हणजे तिचे सासरे सर्जेराव. त्यांना सगळे आबा म्हणत. जमीन विकल्यापासून आबांच्या हाताला काम नव्हतं आणि टीव्हीचा त्यांना वीट आला होता.

"बॅटरी नाकातच का कोंबतीस?" त्यांनी एकदा विचारलं.

तनुजाने पंखाखाली दोन्ही बाजूंना एकेक बोट लावून विमान उचललं. ते नाक किंचित खाली झुकवून तिच्या बोटांवर तरंगत राहिलं. "असं राहिलं तर बरोबर, आबा. बॅटरी मागे सरकली की शेपूट जड होतं. मग विमान वर तोंड करून उठतं आणि आपटतं. कितीही मोठा उस्ताद उडवत असला तरी."

"बैलगाडीचं बी असंच हाय," आबा म्हणाले. "वझं मागं गेलं की जू वर उचलतंय." मग त्यांनीही आपल्या जाड बोटांवर ते तोलून पाहिलं आणि लहान पोरासारखे खूश झाले.

"पहिल्यांदा मी उडवणार," असं तनुजाने इंद्रजीतला दोनदा सांगितलं होतं. दोन्ही वेळा तो म्हणाला होता, "उडव की. मला काय करायचंय?" तिला दुसरं काही नकोच होतं. आपल्या हातांनी जोडलेलं आपल्याच हातांनी वर जावं, बस.

रविवारी सकाळी विकायच्या राहिलेल्या दोन एकरांवर ते दोघं आबांना घेऊन पोचले, तर इंद्रजीतचे तीन मित्र आधीच येऊन उभे. त्याने बोलावले होते. विमान बघून मित्रांनी वाहवा केली, आणि ती ऐकल्याबरोबर विमान इंद्रजीतचं झालं. "एवढ्याशा बॅटरीवर उडतं, बघा," म्हणत त्याने बॅटरी बाहेर काढून दाखवली, परत आत घातली, आणि जिथे सहज शिरली तिथे, पार मागे, पट्ट्याने आवळून झाकण लावलं. मग रिमोट उचलला.

"अहो, पहिल्यांदा मी—"

"तनुजा, सहा आठवडे तुझंच ऐकलं. आता दोन मिनिटं गप्प बस."

मित्र हसले. तनुजाचे कान तापले. 'बॅटरी पुढे घ्या' एवढंच म्हणायचं होतं. तिने ओठ मिटले आणि दोन पावलं मागे सरकली.

मोटर घोंगावली. विमान मुरमावरून धावलं, उठलं, आणि उठतच राहिलं. नाक आभाळाकडे करून क्षणभर अधांतरी थांबलं, एका पंखावर कलंडलं आणि पलीकडे पडलेल्या खडीवर आदळलं. तनुजाला आनंद झाला. लपवण्यात अर्थ नाही, तिला मनापासून हसू आलं.

ते हसू इंद्रजीतच्या तोंडाकडे बघेपर्यंतच टिकलं. तोंड उतरलं असेल असं तिला वाटलं होतं, पण तिथे काहीच नव्हतं. त्याचं गेलं काय होतं? त्याने रिमोट तिच्या हातात दिला. "जोडणीच कच्ची. घे, आता तू उडव."

इंद्रजीतच्या दिग्विजय नावाच्या चौथ्या मित्राला या खेळातलं कळायचं, पण तो नेहमीप्रमाणे उशिरा, नेमका आत्ता उगवला. त्याने धड उचलून पाहिलं. नाक चेंगरलं होतं, पंखाचे दोन तुकडे झाले होते. तिने कापून पुन्हा चिकटवलेलं शेपूट तेवढं शाबूत होतं. "बॅटरी पार मागे आहे. कुणी बसवली अशी?"

"हिनेच," इंद्रजीत म्हणाला.

"मी पुढे बसवली होती. आबांना विचारा, ते इथेच होते."

सगळ्यांनी आबांकडे पाहिलं. आबांनी खाकरून घसा साफ केला.

"सूनबाईनंच बसवली," ते म्हणाले. "म्या बघितलं."

परतल्यावर इंद्रजीत गाडी लावायला गेला. तुकड्यांचा खोका छातीशी धरून तनुजा आबांबरोबर लिफ्टमध्ये शिरली. "आबा, खोटं का बोललात?"

"त्यो बॅटरी आत घालत व्हता, तवा म्या तुझ्याकडं बघत व्हतो. म्हनलं, आत्ता सांगंल, मग सांगंल. तू तोंड मिटून उभी. वर हसलीस बी. मग पाडलं कुनी?" आबा तिच्याकडे न बघता बोलत होते. "एक सांग. उद्या त्याच्या गाडीचा ब्रेक गेल्याला तुला ठावं असंल, आन् त्यो तुला गप बस म्हनला, तर सांगशील का?"

हो म्हणायला कितीसा वेळ लागतो? लिफ्ट नवव्या मजल्यावर थांबली, दार उघडलं, आबा वाट बघून बाहेर पडले, तरी तिच्या तोंडून ते निघालं नाही.