कुणाला ताप आलाय?

आमच्या लालबागच्या चाळीत तेव्हा ताप हा शब्द साधा राहिला नव्हता.

तसा तो कधीच साधा नसतो म्हणा. दूध तापतं, पत्रे तापतात, आमच्या ह्यांचं डोकं तर चहात साखर कमी पडली तरी तापायचं. पाणी गेलं की बायका म्हणायच्या, "काय डोक्याला ताप आहे!" पण संयुक्त महाराष्ट्रासाठी गोळीबार झाला, धरपकड सुरू झाली आणि सुंदराबाईंनी तापाला आणखी एक अर्थ जोडला. त्यांची खोली जिन्यालगत. खाली पोलिसांची गाडी दिसली की त्या नळावरून ओरडायच्या, "ताप इलो गो बायांनू!" की कड्या लागायच्या आणि समितीचं काम करणारे पुरुष मागच्या जिन्यानं पसार. गाडी गेली की, "उतारलो गो ताप!"

हे सगळ्यांना ठाऊक होतं. फक्त टोकाच्या खोलीतल्या बुधाजीला कुणी सांगितलं नव्हतं. मुद्दामच. रे रोडच्या लाकडाच्या वखारीत रात्रपाळी करतो म्हणायचा. एकटा जीव, खाकी पँट, जाड तळाचे बूट. सभेला कधी गेला नाही. आणि भेटेल त्याला एकच विचारायचा, "वहिनी, आज कुणाला ताप आलाय?"

"बघ," हे म्हणाले. "आपल्या तोंडून शब्द काढतोय. खबऱ्या आहे."

"आजारपण विचारत असेल."

"तू भोळी आहेस गं. काल नाक्यावर दोन खाकीवाल्यांना आपली चाळ बोटानं दाखवत होता. मी ह्या डोळ्यांनी पाहिलं. येत्या रविवारी त्याचा निकाल लावणार आहोत."

त्यानंतर मीही त्याची चाहूल घेऊ लागले. तो गॅलरीतून गेला की बकुळाला पदराखाली ओढायची. माझी बकुळा नुकती भिंत धरून उभी राहायला लागली होती. पडली की आधी माझ्याकडे बघायची आणि मग रडायचं की हसायचं ते ठरवायची.

गुरुवारी दुपारी ती अंगावर पीत होती आणि तिची जीभच मला चटका देत होती. बघता बघता डोळे वर गेले, मुठी आवळल्या. मी तिला घेऊन गॅलरीत धावले.

"ताप! अहो, ताप चढलाय!"

धाड धाड कड्या लागल्या. कोपऱ्यातल्या खोलीत हे मित्रांबरोबर फलक रंगवत बसले होते. मागच्या जिन्यावर पावलं वाजली, त्यांत ह्यांचीही होती. ओळखते ना मी. माझ्याच माणसाला मीच पळवून लावलं होतं. दुसरा शब्द शोधू लागले, पण तापाला आईकडे दुसरा शब्द कुठला असणार?

टोकाचं एकच दार उघडलं. बुधाजी ओला पंचा घेऊन पळत आला.

"कुणाला, वहिनी? द्या इकडे."

मी पोर छातीशी घट्ट धरली. क्षणभरच. मग दिली.

त्यानं तिला गार फरशीवर कुशीला वळवून ठेवलं, झबलं काढलं, अंग पुसत राहिला. मुठी सुटल्या. बकुळा रडली आणि मीही रडले. मग तो तिला उचलून नाक्यावरच्या डॉक्टरकडे घेऊन गेला, मी मागून अनवाणी.

परत येताना म्हणाला, "वहिनी, एक विचारू? ह्या चाळीत रोज कुणाला तरी ताप येतो, आणि डॉक्टर कसा तो येत नाही. शेवटी मी पालिकेच्या हिवतापवाल्यांना गाठलं. त्यांचे दोघं खाकीवाले नाक्यापर्यंत आले होते, त्यांना मी चाळ दाखवली. पाण्याच्या टाक्या तपासू म्हणाले."

मला हसू फुटणार होतं, ते मी आवरलं. खबऱ्याला अशीच एखादी गोष्ट लागते, नाही का?

हेही तेच म्हणाले. "पढवलेलं आहे सगळं."

"अहो, पोर वाचवली त्यानं."

"म्हणूनच तर. आता तू त्याला घरात घेशील."

शनिवारी सकाळी सुंदराबाईंचा आवाज चिरकला, "ताप इलो गो!" पण ह्या खेपेला मागच्या जिन्यावरही बूट वाजले. हे पोटमाळ्यावर चढून गोधड्यांमागे शिरले. मी कडी लावायला धावले, तर बुधाजी गॅलरीत बंद दारं ठोकत येत होता.

"कुणाला आलाय? बकुळाला का?"

त्याला बाहेर ठेवावं तर हातात सापडेल त्याला पोलीस नेणार. आत घ्यावं आणि तो त्यांचाच निघाला, तर माळ्याकडे एक बोट दाखवायचा अवकाश. बूट वरच्या पायऱ्यांवर आले. माझी नजर त्याच्या हाताकडे गेली. पंचा ओला होता. पाणी टपटपत होतं. तापाचा आमचा अर्थ ज्याला ठाऊक आहे, तो पंचा कशाला भिजवेल?

मनगट धरून मी त्याला आत ओढलं आणि कडी लावली.

माळ्याची फळी करकरली. बुधाजीनं वर पाहिलं, मग माझ्याकडे.

दारावर काठी आपटली. "कोण आहे आत?"

"पोरीला ताप आलाय," मी म्हणाले.

बुधाजी खाली बसला. बकुळाच्या कपाळावर त्यानं हात ठेवला. कपाळ गार होतं. हात तसाच राहिला आणि त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी हळूहळू उजाडत गेलं. मग त्यानं तो थंडगार पंचा तिच्या पोटावर टाकला. बकुळा दचकून अशी किंचाळली की बाहेरचा म्हणाला, "चल रे पुढं. आजारी पोर आहे."

बूट लांब गेले. खाली गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. सुंदराबाईंनाही अजून ओरडायचा धीर झाला नव्हता.

बुधाजीनं मान वर केली आणि माळ्याकडे बघत हळूच म्हणाला, "या दादा खाली. ताप उतरला."