चार सेकंदांची आई

"त्या सिनेमात बघण्यासारखं आहे तरी काय?" असं बाई थिएटरच्या ऑपरेटरला दर वर्षी विचारत. बाई निवृत्त शिक्षिका. वस्तीच्या थिएटरात महिन्याच्या शेवटच्या रविवारी जे जुने आणि जे वेडेविद्रे सिनेमे लागत, ते त्याच निवडत. त्याचं उत्तर ठरलेलं असे. "चार सेकंद आहेत, बाई." अकराव्या वर्षी बाई कंटाळल्या आणि सिनेमा कार्यक्रमात लागला.

त्या चार सेकंदांत त्याची आई होती. शूटिंग बघायला गेली होती बिचारी. कुणीतरी हातात ट्रंक देऊन तिला स्टेशनच्या गर्दीत ढकललं आणि चालता चालता तिने वळून थेट कॅमेऱ्यात बघितलं. वर्षभरात धाकट्या बहिणीच्या जन्माच्या वेळी ती गेली. घरात फोटो म्हणून एक नाही. तो सहा वर्षांचा असताना वडिलांनी त्याला थिएटरात नेऊन पडद्याकडे बोट दाखवलं होतं, पण आता त्यालाही तो चेहरा आठवेनासा झाला होता. धाकटीने तर पंचावन्न वर्षांत आई पाहिलीच नव्हती.

म्हणून त्याने तिला फोन केला. "पहिल्या रांगेत बस. स्टेशन आलं की पापणीही लववू नकोस. एक बाई वळून बघेल, तीच आई."

प्रिंट जगात एकच उरलेली, तीही जर्जर. या खेळानंतर डबा कायमचा बंद, असं संग्रहालयाने बजावलं होतं. अशी फिल्म आधी मशीनवर चढवायची नसते, हाताने हळूहळू उलगडून तपासायची असते, हे त्याला चाळीस वर्षं पाठ होतं. पण रविवारी सकाळी थिएटर रिकामं होतं आणि त्याला धीर धरवेना. एकदाच, आपण एकट्यानेच, असं म्हणत त्याने तिसरं रीळ चढवलं. स्टेशन आलं. गर्दी आली. ट्रंक दिसली, मान वळायला लागली, आणि मशीन खडखडलं. त्याने झडप घालून स्विच बंद केला तोवर आत फिल्मचा चोथा झाला होता.

तेव्हा नऊ वाजले होते आणि खेळ तीनचा. चिकटपट्टी आणि भिंग घेऊन तो बसला. कुठे ट्रंक धड होती, कुठे खांदा. चेहरा होता तिथे तिथे नेमका फाटलेला. "निदान एक," तो रिकाम्या केबिनमध्ये मोठ्याने म्हणाला. एकही नव्हता. हावरटपणा त्याने केला होता आणि शिक्षा धाकटीला होणार होती. दोन वाजता त्याने तो तुकडा कापून काढला, टोकाला टोक जोडलं आणि तुकडा शर्टाच्या खिशात घातला.

तिला सांगून टाकायचं ठरवूनच तो खाली गेला. पाच तास बसने आलेली धाकटी पहिल्या रांगेत बसली होती. इस्त्रीचे कपडे, नवा चष्मा.

"दादा, मी बरी दिसते ना रे?" तिने विचारलं.

"दिसतेस," एवढंच तो बोलला आणि पळ काढल्यासारखा वर गेला.

केबिनच्या खिडकीतून तो पडदा बघतच नव्हता, तिचं डोकं बघत होता. स्टेशन आलं. जोड खट्कन मशीनमधून पुढे सरकला, गर्दीने जराशी उडी मारली. संपलं, त्याला वाटलं. आता ती शोधत बसणार, आणि पुढचा जन्मभर शोधत बसणार. तेवढ्यात धाकटीने दोन्ही हात तोंडावर नेले.

मध्यंतरात ती धापा टाकत जिना चढून आली. डोळे रडून लाल झालेले.

"पाहिली रे, दादा. ती टोपलीवाली. किती हसरी होती!"

ट्रंकेचं तिला सांगायचं त्याला सुचलंच नव्हतं. टोपलीवाली दुसरीच कुणीतरी होती. आईच्या मागून येताना तिनेही कॅमेऱ्यात बघितलं होतं.

"तीच ना?"

खिशातल्या तुकड्याची कड त्याच्या छातीला टोचत होती.

"तीच."

"मी तिच्यावरच गेलेय. हनुवटी बघ माझी." मग तिने त्याचा चेहरा निरखून पाहिला आणि रडता रडता हसली. "बाबा म्हणायचे, तुझं नाक तिचं आहे. उगीच आपलं काहीतरी. तू जरासुद्धा नाही गेलास तिच्यावर."

"बाबांना कमीच दिसायचं," तो म्हणाला आणि चौथं रीळ चढवायला वळला.