आठवा तीन

कल्पना करा बाळांनो, तुमच्यापुढे कोरी वही आहे. तिच्यात ३१ लिहा. डावीकडे एक तीन जोडा, ३३१ झाले. आणखी एक जोडा, ३३३१. एक आणि ती संख्या स्वतः सोडली, तर या तिन्हींना कशानेच पूर्ण भाग जात नाही. अशा संख्येला मूळ संख्या म्हणतात. आता सांगा, तीन जोडत गेलो तर दर वेळी मूळ संख्याच मिळेल?

दूर दक्षिणेतल्या नुंगंबाक्कमच्या सहानाला हा प्रश्न तिच्या व्यासराजमामाने घातला होता. मामाच्या गणिताच्या शिकवणीत एकच जागा उरली होती आणि सहानाला ती हवी होती. "नवरात्रात गोलूच्या बाहुल्या मांडल्या की सगळे जमतील, तेव्हा उत्तर दे," मामा म्हणाला. "कॅल्क्युलेटर नाही हं."

दीड महिना तिने भागाकार केले. सात तीन आणि एक, म्हणजे ३३३३३३३१ पर्यंत सगळ्या संख्या मूळ निघाल्या. त्या शेवटच्या एकटीलाच साडेसातशेच्या आसपास भागाकार लागले. बोटाला घट्टा पडला.

मामाने वही चाळली.

"पुढची बघू काय मामा?"

"कशाला गे? दमलीस की. पुरे."

ती थांबली.

नवरात्रातल्या त्या संध्याकाळी पायऱ्यांवर मांडलेल्या बाहुल्यांपुढे मुलींची गाणी झाली, प्रसादाचे हरभऱ्याचे सुंडल वाटून झाले. मग मामाने सहानाला उभे केले. शेजारी रुचिरा, पुण्याहून आलेल्या बिऱ्हाडातली. जागा तिलाही हवी होती; प्रश्नही तिला तोच घातला होता.

"आठवा तीन जोडला तर? बोल सहाना."

"मूळच, मामा. सगळ्या मूळच."

"रुचिरा?"

"माहीत नाही काका. मी ३३३३१ पर्यंतच पाहिलंय."

मामा हसला. "सतराने भाग गे, सहाना. पूर्ण भाग जातो. साडेसातशे भागाकार केलीस, अजून थोडे करायला हात दुखला काय?"

"अय्यो, दीड महिना!" सकवारबाई आत्या पदरात तोंड घालून हसली. "गाणं तरी शिकवायचं होतंस, विजी!"

खोलीभर हशा उसळला. सहानाची आई विजयलक्ष्मी पुढे झाली. "अण्णा, पुरे म्हणून तूच सांगितलास की."

"सांगितलो. न तपासता 'सगळ्या' म्हणते काय, बघायचं होतं." त्याने सुंडलचा द्रोण उचलला. "माहीत नाही म्हणायला जिला येतं, जागा तिची. रुचिरा, सोमवारी ये."

रुचिराच्या आईने मुलीला जवळ घेतले. सहानाकडे बघायचे मात्र सगळ्यांनी टाळले.

सहाना वही घेऊन बाहुल्यांच्या पायऱ्यांखाली बसली. ३३३३३३३३१ लिहून तिने सतराने भागले. १९६०७८४३. बाकी शून्य. दुसऱ्यांदा भागले, तरी शून्यच.

"उठ गे, पाया पडून घे मामाच्या," आत्या म्हणाली.

सहानाने त्या संख्येच्या डावीकडे आणखी एक तीन लिहिला आणि सातापासून भागायला सुरुवात केली.